औषधाच्या टोपणात भरलेली ओटी

माझ्या ट्रंकेत एक बिघडलेलं लॉकेट आहे. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, गोल, कडेला हिरवं आणि मध्ये ताक सांडल्यासारखं पांढरं. वरून हात लावला तर इतक्या वर्षांनंतरही बोट किंचित चिकटतं. बघणाऱ्याला वाटेल, आत काहीच नाही. आत तांदळाचे पाच दाणे आहेत. ते मी माझ्या हाताने ठेवले म्हणून मला माहीत.

तेव्हा आम्ही भातसानगरला राहत होतो. माझे मालक धरणावर कामाला होते, त्यामुळे कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. कॉलनीतली माणसं बाहेरगावची. कुणी साताऱ्याकडचं, कुणी नगरचं, कुणी खानदेशातलं. मी मात्र तिथून तासाभरावरची, किन्हवलीच्या पलीकडच्या एका लहान गावातली. सगळ्यांत जवळचं माहेर माझं, आणि सगळ्यांत कमी बोलणारी मीच. नळावर बायका बोलत असायच्या तेव्हा मी हंडा भरून पाठीमागच्या वाटेने घरी यायचे.

शेजारीण साताऱ्याकडची होती. तिचा भाऊ भिवंडीला चाव्यांना लावायच्या कड्या आणि गळ्यातली लॉकेटं बनवायचा आणि जत्रांमधून विकायचा. एका दिवाळीनंतर त्याने बहिणीला ते काम घरी करायला दिलं. एक मोठा कॅन, त्यात मधासारखं घट्ट रेझिन, औषध पडलं की काचेसारखं कडक होणारं. आणि दोन लहान बाटल्या, एकीत जांभळं औषध, दुसरीत पाण्यासारखं पांढरं. वास इतका उग्र की तिच्या सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी नाकाला धोतर लावलं. मग ती सगळं सामान घेऊन माझ्या मागच्या अंगणात आली. म्हणाली, तुमच्याकडं सासरा न्हाई, वारा बी हाय.

असं मला ते काम लागलं. कुणाशी बोलायचं नाही, मान खाली घालून बसायचं, हे मला जमण्यासारखंच होतं.

तिने शिकवलं ते असं. रेझिन वाटीत घ्यायचं. जांभळ्याचे थेंब टाकून चांगलं ढवळायचं, मग ते गुलाबीसर होतं. त्यानंतरच पांढऱ्याचे थेंब. जांभळं आणि पांढरं एकमेकांत थेट पडता कामा नये, पडलं तर पेट घेतं, म्हणून दोन्ही बाटल्या अंगणाच्या दोन टोकांना ठेवायच्या. साचा म्हणून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर असतं ते मापाचं टोपण. त्याला आतून बुटाचं बिनरंगी पॉलिश बोटाने फिरवायचं, म्हणजे लॉकेट अलगद सुटतं. आधी अर्धं टोपण ओतायचं. ते दह्यासारखं थरथरायला लागलं की त्यावर आत ठेवायची वस्तू ठेवायची, मग उरलेलं ओतायचं. एकदम ओतलं तर वस्तू तळाला तरी बसते किंवा वर तरी तरंगते. घट्ट होताना ते तापतं. टोपण हातात धरलं तर ताप आलेल्या मुलाच्या कपाळासारखं लागतं. पांढरं जास्त पडलं तर तडा जातो. शेवटी पाण्यात पॉलिश पेपर भिजवून घासायचं आणि कपड्यावर दंतमंजन घेऊन चकाकी आणायची.

रंगाच्या लहान डब्या होत्या. लाल, निळा, हिरवा, पिवळा, आणि चमकी. सुरुवातीला आम्ही फक्त रंगच ओतले. मग मी एकदा तेरड्याच्या वाळलेल्या पाकळ्या घातल्या. एकदा मोराच्या पिसाचा डोळा. शेजारणीने ते कॉलनीत दाखवलं आणि बायका आपल्या वस्तू घेऊन यायला लागल्या.

धरणाच्या कॉलनीत कुणीच कायमचं नसतं. आज ना उद्या बदली होते आणि ट्रकमध्ये सामान भरून माणूस निघतं. त्यामुळे असेल, पण बायकांना काहीतरी बरोबर न्यायचं असायचं. एकीने दारातल्या पारिजातकाची फुलं आणली, कारण तिची तीन वर्षं त्या झाडाखाली गेली होती. एकीने मुलाचा पहिला पडलेला दात आणला. एकीने नुसता वाळलेला शेवाळाचा तुकडा आणला, धरणाच्या भिंतीखालचा. काय म्हणून, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी एवढंच बघायचे की वस्तू कोरडी आहे ना.

मला तेव्हा वाटायचं की आपल्याला काही ओतून ठेवायचं नाही. ज्याची आठवण येते ते इथून तासाभरावर आहे.

आणखी एक होतं तासाभरावर, पण त्याचं नाव घ्यायचं नव्हतं.

माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मी चौथीपर्यंत शिकले, मग घरात राहिले. ती सातवीपर्यंत गेली. माझं सगळं बोलणं ती बोलायची. वाण्याकडे साखर आणायला मला पाठवलं की मी तिला बरोबर न्यायचे, मी पिशवी धरायची आणि ती मागायची. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा सासरी कसं आहे हे आईने मला विचारलं आणि मी गप्प बसले, तर हीच म्हणाली, "बरं हाय तिचं. नसतं तर भात येवडा खाल्ला नसता."

मला सातवा महिना लागला तेव्हा आईने माझी ओटी भरली. हिरवा चुडा, हिरवं लुगडं, पदरात पाच मुठी तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, वर कुंकवात घोळवलेल्या अक्षता. ताट धाकटीने धरलं होतं. आमच्याकडे रीत अशी की ज्या बाईची ओटी भरली तिने त्यातले चिमूटभर तांदूळ परत ताटात टाकायचे, म्हणजे माहेरचं घर रिकामं होत नाही. मी लाजेने उठायला निघाले आणि विसरले. धाकटीने ताट माझ्या पोटाला टेकवलं.

"परत टाक गो ताय, नायतर आमी उपाशी मरू."

सगळ्या बायका हसल्या. आईसुद्धा.

पुढच्या वर्षी धाकटी निघून गेली. भात गिरणीवर टेम्पो घेऊन एक मुलगा यायचा, मुरबाडचा. आमच्यातला नव्हता. तिने कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही, आणि एका सकाळी गेली. दोन दिवसांनी लग्न केल्याचं कळलं. आमचे बाबा आम्ही लहान असतानाच गेले होते, त्यामुळे भावकी आमच्या पडवीत बसली आणि आईला समोर बसवलं. मी तेव्हा माहेरी होते, दाराआड उभी. वडीलधारे म्हणाले, पुढचं काय ते तुझ्या तोंडून ऐकू दे. घरात माझा भाऊ होता, त्याचं लग्न व्हायचं होतं. आईने पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "माझ्या घरचा दाना तिच्या पदरात पडनार नाय."

भावकी उठून गेली. आईने तो शब्द पाळला. मुरबाड काही लांब नव्हतं, शहापूरहून मुरबाडला जाणारी एस.टी. आमच्याच फाट्यावरून जायची. पण घरात धाकटीचा विषय निघाला नाही. तिची कापडं कुठे गेली ते मी विचारलं नाही.

मला तिची आठवण बाकी कशाने नाही, पण दुकानात गेलं की यायची. शहापूरच्या बाजारात मी दुकानदारासमोर उभी राहायचे, मागून आलेली माणसं सामान घेऊन जायची, आणि मी माझ्या डाव्या बाजूला बघायचे. तिथे ती उभी असायची, तेव्हा.

अशी दोन वर्षं गेली. मग एका मार्गशीर्षात कासारीण बांगड्यांची पेटी घेऊन कॉलनीत आली. ती मुरबाड, सरळगाव, किन्हवली, शहापूर सगळीकडे फिरायची आणि माझ्या माहेरी आमच्या लहानपणापासून येत होती. माझ्या हातात बांगडी सरकवता सरकवता ती सहज म्हणाली की मागच्या आठवड्यात तुझ्या बहिणीला हिरवा चुडा भरला. मुरबाडच्या स्टँडसमोरच्या चाळीत राहते. सातवा लागलाय. ओटी कुणी भरली म्हणून विचारलं तर नुसती हसली. सासूला तिचं अजून पटलेलं नाही, म्हणजे तिकडूनही कुणी नाही.

बांगड्या भरून झाल्या तरी मी हात तसाच पुढे धरून बसले होते.

बाईला पहिलं मूल होणार आहे आणि तिच्या पदरात माहेरचा एक दाणा नाही, ही गोष्ट बाहेरच्याला लहान वाटेल. आमच्याकडे ओटी न भरलेली बाई बाळंतपणाला जाते तेव्हा बायका तिच्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर मी पाहिली आहे. आणि ती जीव वाचून घरी आली नाही, तर सगळ्यांना पहिलं तेच आठवतं.

मी कधी कुणाच्या शब्दाबाहेर गेलेली नाही. पण त्या दुपारी अंगणात रेझिन ढवळताना माझ्या मनात आलं की पाच मुठी नाहीत, तर पाच दाणे. ओटीचे तांदूळ असेही शिजवून खाल्ले की संपतात. हे संपणार नाहीत. जत्रेतलं लॉकेट म्हणून गळ्यात घातलं तर सासरचं कुणी विचारणार नाही, भावकीतल्या कुणाला कळणार नाही. पौषात मुरबाडपुढच्या म्हसा गावची जत्रा होती. शेजारीण भावाच्या दुकानावर बसायला मुरबाडवरूनच जाणार होती.

तांदूळ माहेरचेच हवे होते. दुकानातले घातले असते तर कुणाला कळणार होतं? धाकटीला नसतं कळलं, मला कळलं असतं. दरवर्षी नवं भात झोडून झालं की आई मला पायलीभर झिनी तांदूळ द्यायची, बारीक, वासाचा. गेल्या वर्षीचा संपत आला होता. डबा पालथा करून आपटला तर ओंजळभर निघाला, त्यात टोके किडे झालेले. त्यातून अख्खे, न किडलेले असे पाचच मिळाले. मला वाटलं, बरोबर पाच मिळाले, म्हणजे देवाच्या मनात आहे.

मग मी जे केलं ते आमच्याकडची कुठलीही बाई करेल. वाटीत कुंकू घेतलं, त्यात दोन थेंब पाणी टाकलं आणि दाणे घोळवले. अक्षता म्हटल्या की ओल्या कुंकवातल्या, एवढंच हाताला माहीत. बाकी बायकांच्या वस्तू कोरड्या आहेत का हे मी दहा वेळा बघायचे. या पाच दाण्यांच्या वेळी ते मनात आलंसुद्धा नाही, कारण ती मला वस्तू वाटलीच नाही. ती ओटी होती. खाली हिरवा थर ओतला, तो थरथरायला लागल्यावर दाणे ठेवले, हात जोडले आणि वरून ओतलं.

अर्ध्या तासाने दाण्यांच्या भोवती पांढरं धुकं धरलं. तासाभराने दाणे दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवसापर्यंत वरचा भाग वाळला नाही. मी ते उन्हात ठेवलं, पत्र्यावर ठेवलं, उपयोग झाला नाही. शेजारणीला दाखवलं. तिला मी काय ते सांगितलं नव्हतं, पण कुंकवाची वाटी तिने बघितली.

"वहिनी, केमिकलला देवधर्म कळत न्हाई," ती म्हणाली. "त्याला पाणी चालत न्हाई."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. माझ्या आयुष्यात एका दमात मी इतकं कुणाशी बोलले नव्हते. ती शेवटपर्यंत पॉलिश पेपर घासत राहिली आणि मग म्हणाली, जत्रेला चार आठवडे हायत, दुसरे तांदूळ आणा.

दुसरे तांदूळ आईकडे होते.

मी माहेरी गेले तेव्हा भाऊ आणि वहिनी खळ्यावर होते. आई पडवीत नवे तांदूळ पाखडत बसली होती. मला बघून तिने पायलीचं माप हातात घेतलं. मी म्हटलं, पायली नंतर नेईन, आता मूठभर दे. आई म्हणाली, एवढ्या लांबून मूठभर न्यायला आलीस? मला खोटं बोलता येत नाही, हे तिला माझ्या जन्मापासून माहीत. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने सूप खाली ठेवलं.

"कितवा?" तिने विचारलं.

"सातवा."

आई उठून आत गेली. मला वाटलं आता ती येणार नाही. पाणी पिऊन ती परत आली, बसली आणि पुन्हा पाखडायला लागली. सूप तिने माझ्याकडे वळवून धरलं होतं. मी त्यातून पाच दाणे वेचले आणि तळहातावर ठेवले. तिने माझा हात आपल्याकडे ओढला, उन्हात धरला. तिला तेव्हा जवळचं नीट दिसत नव्हतं. तिने बोटाच्या टोकाने एकेक दाणा सरकवून बघितला.

"ह्यो तुटलाय. ओटीत कनी घालतीस?"

तिने तो काढून टाकला आणि सुपातला एक शोधून त्या जागी ठेवला. शोधायला तिला बराच वेळ लागला. मग माझी मूठ मिटली.

"मी दिलं नाय," ती म्हणाली. "तू घेतलंस. आन तिच्यासमोर जाऊ नको. उद्या भावकीत कुनी इचारलं, भेटलीस का, तर तुला नाय म्हनता येनार नाय."

मी परत आले. या वेळी दाणे चाळणीत कागदावर ठेवून तीन दिवस उन्हात वाळवले, संध्याकाळी चुलीच्या वर टांगले. थंडी होती, धरणाच्या बाजूने रात्रभर दव पडायचं. कुंकू वेगळं वाळवलं. खाली हिरवा थर ओतला, चुड्याच्या रंगाचा. त्यावर पातळ थर, त्यात कोरडं कुंकू आणि चिमूटभर हळद भुरभुरली. मग चिमट्याने पाच दाणे, चार बाजूंना चार आणि मध्ये आईने शोधलेला. थंडीमुळे घट्ट व्हायला दुप्पट वेळ लागला आणि मी तेवढा वेळ तिथून हलले नाही. वर शेवटचा थर काचेसारखा. तो निघाला तेव्हा दाण्यांची टोकंसुद्धा दिसत होती. मी ते चार दिवस घासलं. कॉलनीतल्या कुणाच्याच वस्तूला मी इतकं घासलं नव्हतं.

जत्रेला जायला मालकांनी हो म्हटलं. शेजारीण आणि मी शहापूरहून एस.टी.ने निघालो. फाट्यावर गाडी थांबली तेव्हा मी माहेरच्या वाटेकडे बघितलं नाही. मुरबाडच्या स्टँडवर उतरलो. कासारणीने सांगितलेली चाळ रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर होती. पाच-सहा दारं आणि दारांसमोर लांब कट्टा.

ती कट्ट्यावर बसली होती. मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. पोट पुढे आलेलं, त्यामुळे सूप गुडघ्यांपर्यंत सरकलेलं. अंगाने वाळली होती. केस आईसारखे मागे ओढून बांधले होते. मधूनमधून एखादा खडा उचलून ती बाजूला टाकत होती आणि शेजारच्या दारातल्या बाईशी काहीतरी बोलत होती. काय ते ऐकू येत नव्हतं, पण ती बाई हसली. म्हणजे अजून तशीच बोलत होती.

मी एका उभ्या एस.टी.च्या मागे गेले. लॉकेट पुडीत बांधून शेजारणीच्या हातात दिलं. काय म्हणू, तिने विचारलं. मी म्हटलं, माहेरचं आहे, एवढंच म्हणा.

शेजारीण रस्ता ओलांडून गेली. मी गाडीच्या मागच्या चाकाजवळून बघत होते. तिने वाकून काहीतरी सांगितलं आणि पुडी पुढे केली. धाकटीने हात पुसले. पुडी उलगडली. लॉकेट उन्हात धरून जवळ घेतलं, आईने तांदूळ बघितले होते तसंच. मग तिने ते पुन्हा शेजारणीच्या हातात दिलं. मला वाटलं, घेत नाही. पण ती सूप बाजूला ठेवून उठली. डोक्यावरून पदर घेतला, पदराची झोळी केली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. शेजारीण जराशी गोंधळली. मग तिने लॉकेट त्या झोळीत टाकलं.

धाकटीने मान खाली घालून थोडा वेळ ते तसंच धरलं. त्यानंतर वाकून सुपातले चिमूटभर तांदूळ उचलले आणि शेजारणीच्या तळहातावर ठेवले, आणि तिची बोटं मिटली.

मग ती रस्त्याकडे बघायला लागली. स्टँडवर पाच-सहा गाड्या होत्या. ती एकेका गाडीकडे बघत होती. मी ज्या गाडीमागे होते तिच्याकडेही बघितलं. तिने हाक मारली असती तर मी गेले असते, आईच्या शब्दाचं काही झालं असतं तरी गेले असते. सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजाची माझी बहीण, पण ती काही बोलली नाही. भावकीची रीत तिला माहीत होती. मला समोर यायचं असतं तर मी आले असते, हेही तिला माहीत होतं. मीही तोंड उघडलं नाही. मला वाटतं, आयुष्यभर माझ्या वतीने तिने बोलावं याची मला सवय झाली होती, आणि त्या दिवशीही मी तिचीच वाट बघत उभी राहिले.

आमची गाडी लागली. शेजारणीने मूठ माझ्यापुढे उघडली आणि म्हणाली, तुमच्या बहिणीनं हे काय दिलंय वो? घामाने तळहाताला सात-आठ दाणे चिकटले होते. मी ते रुमालाच्या गाठीत बांधले. जत्रेत मी काय बघितलं ते मला आठवत नाही.

त्या आठवड्यात मी माहेरी गेले. वहिनी पाण्याला गेल्यावर गाठ सोडून आईच्या तळहातावर दाणे ठेवले. भेटलीस का, तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. ते खरं होतं. आईने दाणे बोटाने चाचपले.

"ह्यो आपला नाय," ती म्हणाली. आणखी एकदा चाचपले. "जाडा हाय."

मग मूठ मिटून म्हणाली, "जाडा खाते."

ती आत गेली, तांदळाचा पत्र्याचा डबा उघडला आणि ते दाणे त्यात टाकून झाकण लावलं.

धाकटीला मुलगी झाली आणि दोघी बऱ्या आहेत, हे कासारणीकडून कळलं. कासारीण म्हणाली की तुझ्या बहिणीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात काहीतरी हिरवं असतं, न्हाऊ घालतानासुद्धा काढत नाही. मी ते आईला सांगितलं. आईने ऐकलं आणि दुसरंच काही बोलायला लागली. एक-दोन वर्षांनी कासारणीने सांगितलं की चाळीतली खोली दुसऱ्या कुणी घेतली. टेम्पो विकून ती माणसं गुजरातेत गेली म्हणे, नक्की कुठे ते चाळीत कुणाला माहीत नव्हतं. मग कासारीणही फिरायची थांबली.

पुढे आमची बदली झाली आणि आम्ही शहापूरला आलो. कॉलनी सोडताना शेजारणीने मला उरलेलं अर्धं रेझिन आणि दोन बाटल्या दिल्या. इकडे मी आणखी काही वर्षं लॉकेटं केली, मुलींसाठी, फुलांची आणि चमकीची. धाकटीच्या लॉकेटसारखं पुन्हा एकही झालं नाही.

माहेरी राहायला गेले की मी सकाळी आईजवळ बसायचे. पहिल्यांदा मला कळलं नाही. ती डब्यातून तांदूळ काढून सुपात घ्यायची, निवडायची, आणि मध्येच बोट थांबायचं. एखादा दाणा उचलून ती पुन्हा डब्यात टाकायची. खडा असता तर बाहेर टाकला असता. दिसत तर तिला काही नव्हतं. बारीक झिनी तांदळात जाडा दाणा बोटाला लागला की तो ती परत डब्यात टाकत होती, म्हणजे तो शिजू नये. दरवर्षी नवे तांदूळ वरून भरले जायचे आणि ते दाणे कुठेतरी त्यांच्यात असायचे. वहिनीला वाटायचं, म्हातारपण.

आई गेली तेव्हा धाकटीला कळवायला पत्ता नव्हता. दहाव्याला मुरबाडच्या बाजूने येणाऱ्या प्रत्येक गाडीला मी पडवीत उभी राहून बघत होते.

तेरावं झाल्यावर वहिनीने तो डबा घासायला काढला. मी म्हटलं, मी घासते. आतले तांदूळ पसरून मी सगळे बघितले. तीन जाडे दाणे सापडले. पिवळे पडलेले, पण अख्खे.

ते आता माझ्याकडे काड्यापेटीत आहेत, बिघडलेल्या लॉकेटच्या शेजारी. मालक म्हणाले, तुला एवढं येतं तर ओतून ठेव, टिकतील. पांढऱ्या बाटलीतलं औषध जुनं झालंय, पण आणता येईल. टोपणंही आहेत. मी ओतलेले नाहीत. ओतले तर ते सुट्या तांदळासारखे कुणाच्या पदरात घालता येणार नाहीत.

धाकटी आली तर तिची ओटी मी भरणार आहे. पाच मुठी तांदूळ मी दुकानातून आणीन, आमच्या घरचा नको. आणि वर हे तीन ठेवीन. ते तिनेच दिलेले आहेत, त्यामुळे आईचा शब्द मोडत नाही.